अंतर कुठून मोजायचे? गुरुत्वाकर्षण शिकणाऱ्या नवख्यांसाठी

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षण हा पहिलाच धडा असतो, त्यामुळे अकरावीसाठी पुण्यात आलो तेव्हा हा भाग आपल्याला येतो अशी माझी खात्री होती. पहिल्याच चाचणीत 400 किलोमीटर उंचीवरील अंतराळ स्थानकाच्या ठिकाणचे गुरुत्व त्वरण, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते, विचारले होते. सूत्र असे: दोन वस्तूंमधील बल = स्थिरांक G × दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार ÷ अंतराचा वर्ग; त्यातून पडणाऱ्या वस्तूचे वस्तुमान वगळले की त्वरण मिळते. मी सूत्रात अंतर म्हणून 400 किलोमीटर घातले आणि उत्तर सुमारे 2,500 मीटर प्रति सेकंद वर्ग आले, म्हणजे जमिनीवरच्या 9.8 च्या अडीचशे पटींहून अधिक. सूत्रातील अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजतात, पृष्ठभागापासून नाही, हे मला तेव्हा कळले. 6,371 किलोमीटरच्या त्रिज्येत 400 मिळवले की त्वरण सुमारे 8.7 येते. अंतराळवीर तरंगतात ते तिथे गुरुत्वाकर्षण नसते म्हणून नव्हे, तर स्थानक आणि ते स्वतः सतत एकत्रच पडत असतात म्हणून.

सिंहगड चढताना मी पुढे हाच हिशेब केला. शहरापासून गडमाथा सुमारे 750 मीटर उंच आहे. केवळ अंतराचा विचार केला, तर 50 किलोच्या माणसाचे वजन तिथे जेमतेम 12 ग्रॅमने कमी भरेल, कारण केंद्रापासूनच्या अंतरात त्या चढाने जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

वस्तुमानाचा भाग त्या मानाने सोपा आहे: दोहोंपैकी एकाचे वस्तुमान दुप्पट केले की बल दुप्पट होते, दोन्हींचे केले की चौपट. मात्र सूत्रातील स्थिरांक G इतका लहान आहे की एक मीटर अंतरावरील 50 आणि 60 किलोच्या दोन माणसांमधील बल ढोबळमानाने 0.0000002 न्यूटन भरते. शिशाच्या गोळ्यांमधील असेच क्षीण आकर्षण ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी 1798 मध्ये तारेच्या पिळावरून मोजले, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

गणित सोडवण्यापूर्वी दोन वस्तूंसाठी दोन वर्तुळे काढून त्यांची केंद्रे रेषेने जोडावीत आणि शक्यतो गुणोत्तरानेच उत्तर काढावे. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे 60 त्रिज्या दूर आहे, म्हणून 9.8 ला 60 च्या वर्गाने, म्हणजे 3,600 ने भागावे, 0.0027 येते. मग चंद्राच्या 27.3 दिवसांच्या परिभ्रमणकाळावरून तेच त्वरण वेगळ्या वाटेने, वर्तुळाकार गतीच्या सूत्राने काढून दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत.