टेक्सासात मुलांचं कॉलेज: ‘इन-स्टेट’ फीची तयारी आल्या दिवसापासून

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनी या गावांत दर उन्हाळ्यात नवी मराठी कुटुंबं येऊन उतरतात. त्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. शाळा कुठली चांगली, घर घ्यावं की भाड्याने राहावं, मेथी-कोथिंबीर कुठे ताजी मिळते. मुलगी नववीत असली तरी कॉलेजच्या फीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तो विषय निघतो थेट बारावीच्या डिसेंबरात, फॉर्म भरताना. तोवर बऱ्याच गोष्टी हातातून गेलेल्या असतात.

आधी आकडे बघा. यूटी ऑस्टिनला, म्हणजे ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला, राज्याच्या रहिवाशाला ‘इन-स्टेट’ दराने वर्षाची ट्यूशन शाखेप्रमाणे साधारण ११ ते १४ हजार डॉलर पडते. बाहेरच्याला तीच ४० हजारांच्या वर. राहण्या-जेवण्याचा खर्च दोघांनाही सारखाच. चार वर्षांचा फरक लाख डॉलरच्या पुढे जातो. २०२६ च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या सत्रापासून, यूटीचा आपोआप प्रवेश वर्गातल्या वरच्या ५ टक्क्यांवर आला, म्हणून आपल्याकडे प्रत्येक पॉटलकमध्ये रँकची चर्चा रंगते. पण रँकने जागा मिळते, दर ठरत नाही. दर रेसिडेन्सीवर, म्हणजे तुम्ही राज्याचे रहिवासी ठरता का यावर ठरतो, आणि ती वेगळी भानगड आहे.

महाराष्ट्रात तहसीलदाराचा डोमिसाईल दाखला एकदा सेतू केंद्रातून काढला की काम झालं. सीईटीच्या प्रवेशाला तो जोडायचा आणि मोकळं व्हायचं. इथे असा दाखला कुणी देत नाही. राज्याचा कायदा आणि नियम एकच असले तरी तुमचे कागद बघून निर्णय घेतं ते कॉलेजचं ऑफिस, आणि प्रत्येक कॉलेज आपापला घेतं. म्हणजे मुलाने चार ठिकाणी अर्ज केला तर चार ठिकाणी उत्तरं द्यायची. पुरावा तुम्ही गोळा करायचा, आणि तो मागच्या तारखेने तयार होत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की ग्रीन कार्डाशिवाय इन-स्टेट मिळतच नाही. तसं नाही. टेक्सासात नोकरीच्या एच-१बी, एल-१ व्हिसावर किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४, एल-२ वर असलेल्यांना इथे कायमचं बिऱ्हाड केल्याचा दावा करता येतो. विद्यार्थ्यांच्या एफ-१ किंवा एक्स्चेंजच्या जे-१ व्हिसावर आलेल्याला हा रस्ता बंद, कारण शिक्षण झालं की परत जाणार हे त्या व्हिसातच गृहीत असतं. हा वाद तसा जुना आहे. मेरिलँड विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या, म्हणजे जी-४ व्हिसावरच्या मुलांना, इन-स्टेट दर नाकारला होता. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यापीठाच्या विरोधात निकाल दिला. अलीकडची घडामोड जून २०२५ ची. टेक्सासने २००१ पासून कायदेशीर वास्तव्याची कागदपत्रं नसलेल्या मुलांना दिलेली इन-स्टेट दराची सवलत फेडरल कोर्टाच्या आदेशाने थांबली. एच-४ वरचं मूल कायदेशीर वास्तव्यात असतं, त्याला तो आदेश लागू होत नाही. मात्र कायदेशीर वास्तव्याच्या पुराव्यांची विचारणा आता जास्त होते. आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) आणि आय-७९७ (व्हिसा अर्जाची मंजुरी) च्या प्रती हाताशी ठेवा. एच-४ चं एक्स्टेन्शन अडकलं असेल तर त्याची पावतीही.

पात्र ठरण्याचे रस्ते मुख्यतः दोन. पहिला पालकांच्या नावावर: सेमिस्टरच्या ‘सेन्सस डेट’च्या (विद्यार्थ्यांची अधिकृत मोजणी होते त्या तारखेच्या) आधी पूर्ण १२ महिने पालकाचं टेक्सासात बिऱ्हाड हवं आणि मूल त्याच्यावर अवलंबून हवं. फॉलमध्ये ही तारीख म्हणजे वर्ग सुरू झाल्यानंतरचा बारावा दिवस, साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीला येतो. दुसरा रस्ता मुलाच्या स्वतःच्या नावावर: टेक्सासच्या हायस्कूलमधून ग्रॅज्युएट व्हायचं, त्याआधीचे सलग ३६ महिने राज्यात राहिलेलं असायचं आणि सेन्सस डेटच्या आधीचे १२ महिनेही इथेच. नववीत आलेल्या मुलाला दोन्ही रस्ते मोकळे असतात. अकरावीत आलेल्याला फक्त पहिला.

आता ‘बिऱ्हाड’ म्हणजे काय, इथे लोक घोळ घालतात. भाडेकरार आणि विजेचं बिल दाखवलं की झालं असं वाटतं. ते लागतंच, पण ते जोडपुरावे. टेक्सास मुळात विचारतं की तुम्ही इथे पाय रोवण्यासारखं काय केलंत. बारा महिने भरीव नोकरी, स्वतःच्या किंवा नवरा-बायकोच्या नावावर राहतं घर, स्वतःचा धंदा, किंवा इथे बिऱ्हाड असलेल्या व्यक्तीशी लग्न, यातलं काहीतरी हवं. आपल्यातल्या बहुतेकांचं काम नोकरीवर भागतं. त्यासाठी एचआरकडून कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात रुजू झाल्याची तारीख आणि कामाचं ठिकाण टेक्सास, हे दोन्ही स्पष्ट हवं. कन्सल्टिंग कंपनीत असाल तर हे फार जपा. हेड ऑफिस न्यू जर्सीत, क्लायंट नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला, तुम्ही राहता फ्रिस्कोत, आणि पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) पत्ता भलताच. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंना तुमच्या कंपनीची रचना समजून घेण्यात रस नसतो. पे-स्टब आणि डब्ल्यू-२ (कंपनीकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) वरचा पत्ता आल्या महिन्यातच बदलून घ्या.

टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, याचा आपल्याला आनंद असतो. पण त्यामुळे राज्याचं टॅक्स रिटर्न हा दुसऱ्या राज्यांत चालणारा सोपा पुरावा इथे मिळत नाही. सगळा भार फेडरल रिटर्नवर येतो. मूल तुमच्यावर अवलंबून आहे हेही त्यातूनच दिसतं. एच-४ वरच्या मुलाला सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, म्हणून डब्ल्यू-७ फॉर्म भरून आयटीआयएन, म्हणजे फक्त टॅक्ससाठीचा नंबर, काढावा लागतो. बरेच जण “५०० डॉलरच्या क्रेडिटसाठी पासपोर्टच्या प्रतींची कटकट कोण करणार” म्हणून सोडून देतात. करा ती कटकट. रिटर्नवर मुलाचं नाव दरवर्षी दिसलं की पुढे कुणाला समजावत बसावं लागत नाही.

ड्रायव्हिंग लायसन्स आल्यापासून ९० दिवसांत आणि गाडीची नोंदणी ३० दिवसांत बदलायची, हा तर इथला कायदाच आहे. लायसन्सवर ‘लिमिटेड टर्म’ असं छापून येईल, त्याने बिचकू नका. पण त्याच काउंटरवर एक सापळा आहे. फॉर्ममध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायचं का असा प्रश्न असतो. कुठल्या तरी यादीत मतदार कार्ड हा रहिवासाचा पुरावा म्हणून वाचलेलं असतं, आणि आपला अठरा वर्षांचा शहाणा मुलगा पटकन ‘हो’वर खूण करतो. नागरिक नसताना ही खूण करणं म्हणजे नागरिकत्वाचा खोटा दावा. त्याने ग्रीन कार्डाचं कायमचं वाटोळं होऊ शकतं. मुलाबरोबर स्वतः जा आणि त्या ओळीवर ‘नाही’ लिहिलंय ना ते बघूनच फॉर्म द्या.

अर्जात रेसिडेन्सीचे जे प्रश्न येतात ते मुलावर सोपवू नका. मूल अवलंबून असेल तर माहिती ज्या पालकाची नोकरी आणि बारा महिने पक्के आहेत त्याचीच भरा. एका ओळखीच्या घरात नवरा एच-१बी वर दोन वर्षं इथे होता, बायको-मुलं भारतातून नंतर आली. मुलीने आईची माहिती भरली, कारण फॉर्म भरताना आई शेजारी बसली होती. ‘नॉन-रेसिडेंट’ असा शिक्का बसला. तो काढायला उन्हाळा गेला. कागद सगळे होते, नाव तेवढं चुकलं होतं.

बारावीच्या मध्यावर नोकरीमुळे टेक्सासात यावं लागलं तर? समजा जानेवारीत आलात. त्या फॉलला बारा महिने भरत नाहीत, ते सेमिस्टर बाहेरच्या दराने भरावं लागेल. पण स्प्रिंगच्या, म्हणजे जानेवारीत सुरू होणाऱ्या सेमिस्टरच्या सेन्सस डेटपर्यंत वर्ष पूर्ण होतं, तेव्हा रेसिडेन्सीचा दर्जा बदलण्याचा अर्ज करा. तुम्ही नोकरीसाठी आलात, मुलाच्या कॉलेजसाठी नाही, म्हणून हा अर्ज टिकतो. एकटा मुलगा शिकायला येऊन इथे वर्ष काढतो, त्याचा टिकत नाही. मधे दोन महिने भारतात जाऊन आलात तर त्याने काही तुटत नाही.

एकविसावं वर्ष मात्र कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. त्या वाढदिवसाला एच-४ संपतो, आणि तो साधारण कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येतो. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या भारताच्या ईबी-२, ईबी-३ रांगेत उभ्या असलेल्या बहुतेक घरांत तोवर ते आलेलं नसतं. मग आय-५३९ हा व्हिसाचा प्रकार बदलण्याचा फॉर्म भरून एफ-१ वर जावं लागतं. ज्याची रेसिडेन्सी पालकांवर उभी आहे त्याचा दर तिथे धोक्यात येतो. ज्याने तीन वर्षं इथल्या हायस्कूलमध्ये काढून स्वतःच्या नावाने ती मिळवली, त्याचा पाया पालकांच्या व्हिसावर नसतो. म्हणून दोन्ही रस्ते मोकळे असतील तर मी दुसराच घ्या म्हणेन. शिवाय वाढदिवसाच्या वर्षभर आधी कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. फोनवर मिळालेलं उत्तर धरून चालू नका.

मास्टर्सला एफ-१ वर आलेल्या पोरांसाठी थोडं वेगळं. रेसिडेन्सीच्या मागे लागू नका, ती मिळणार नाही. पण सरकारी विद्यापीठात आपल्या विषयाशी संबंधित अर्धवेळ टीए किंवा आरए (टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटची नोकरी) मिळाली तर इन-स्टेट दर लागू होतो. वर्षाला किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली तरी विद्यापीठ बाहेरचा दर माफ करू शकतं, अर्थात अशा जागा मोजक्याच असतात. विभागाच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यातच विचारा.

दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला काढून मग यूटी किंवा टेक्सास ए अँड एम विद्यापीठाला जायचा बेत असेल तर तिथे दर दोन नसून तीन असतात: डिस्ट्रिक्टमधला, राज्यातला आणि बाहेरचा. इथल्या कॉलिन कॉलेज या कम्युनिटी कॉलेजचा सगळ्यात स्वस्त दर कॉलिन काउंटीतल्यांना आहे. फ्रिस्को हे गाव मात्र कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलंय. घर बघताना एजंट शाळेचं रेटिंग आपणहून सांगतो, काउंटी तुम्हालाच विचारावी लागते.