नॅस घेताय? मग आधी सांगा, दुसरी कॉपी कुठे ठेवणार

आमची एक्सटर्नल हार्ड डिस्क टेबलावरून पडली आणि त्यात आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा अख्खा व्हिडिओ गेला, रिकव्हरीवाल्यानेही हात टेकले, आणि आता आजीही नाहीये. तेव्हापासून कुणी विचारलं की नॅस (राउटरला जोडून घरातल्या सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा डिस्कचा डबा) कुठला घेऊ, तर मी आधी विचारते की दुसरी कॉपी कुठे ठेवणार. कारण लोक सगळं बजेट डब्यावर संपवतात आणि कॉपीचं राहूनच जातं.

एक रविवार काढा आणि घरातला डेटा मोजा, सगळ्यांचे फोन, लॅपटॉप, कपाटातले पेनड्राइव्ह, लग्नाच्या डीव्हीडी, सगळं. आमचं चौघांचं मिळून सव्वा टीबी निघालं, त्यात निम्मे तर नाशिकच्या रहाडीच्या (रंगाच्या हौदातल्या) रंगपंचमीचे फोर-के व्हिडिओ. जेवढं निघेल त्याच्या तिप्पट जागा धरा. आणि ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६ च दिसते, त्यात फसवणूक काही नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने.

डबा दोन डिस्कचा घ्या. रेड १ (RAID 1, दोन डिस्क जोडीने चालवायची पद्धत) लावलं की दोन्हींवर तेच लिहिलं जातं, म्हणजे ४-४ च्या दोन घेतल्या तरी जागा ४ चीच मिळते, पण एक डिस्क गेली तरी घर चालू राहतं. पण रेड म्हणजे बॅकअप नाही हो! पोराने चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी उडतो, व्हायरसने फाइली लॉक केल्या तर त्याही दोन्हीकडे लॉक. म्हणून स्नॅपशॉटची सोय असलेलं मॉडेल बघा, म्हणजे कालची फाइल परत आणता येते.

प्रोसेसरसाठी उगाच पैसे घालू नका. टीव्ही मूळ फाइल थेट चालवत असेल तर साधा एआरएमवाला (मोबाईलसारख्या प्रोसेसरचा) डबा पुरतो. बाहेरगावी मोबाईलवर व्हिडिओ लहान करून बघायचे असतील, म्हणजे ट्रान्सकोडिंग, तरच ग्राफिक्सवाला इंटेल घ्या. नॅसवरचे व्हिडिओ टीव्ही-मोबाईलवर दाखवणाऱ्या ॲपमध्ये जेलीफिन फुकट आहे, प्लेक्सला हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी पास विकत घ्यावा लागतो.

डिस्क घेताना मात्र नीट बघा. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे मधलं कौल बदलायचं तर शेजारची पण हलवावी लागतात, आणि बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी लावून रेड १ ची जोडी परत बांधताना ती डिस्क रखडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red) ब्रँडच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि बराच गदारोळ झाला. दुकानात सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) आहे का असंच विचारा, वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस किंवा सीगेटची आयर्नवूल्फ चालेल, आणि जमलं तर दोन्ही एकाच लॉटमधल्या घेऊ नका. सायनॉलॉजी या नॅस कंपनीने २०२५ मध्ये नव्या प्लस मॉडेलांना फक्त स्वतःच्या यादीतल्या डिस्कची अट घातली होती, ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ (त्यांच्या डब्याचं सॉफ्टवेअर) ने ती सैल केली, तरी घ्यायच्या आधी यादी बघून घ्या.

राउटरचं लॅन पोर्ट (वायर लावायची जागा) गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचं आहे का तेही बघा. १०० एमबीपीएसचं असेल तर १ टीबी चढवायला पूर्ण दिवस जातो, गिगाबिटवर अडीच-तीन तासांत होतं. पहिली कॉपी वायफायवर करायच्या भानगडीत पडू नका.

वळवाचा पाऊस आला की आपल्याकडे लाईट जाते, लिहिता लिहिता डबा बंद पडला की फाइली खराब होऊ शकतात. छोटा यूपीएस लावा, यूएसबी वायरने नॅसला जोडता येईल असा, म्हणजे बॅटरी संपत आली की डबा स्वतःच नीट बंद होतो. आणि डबा बंद टीव्ही युनिटमध्ये कोंबू नका, एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीला जातो.

बाहेरून बघायला राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट नॅसपर्यंतची वाट, उघडू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट रॅन्समवेअरने (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप आणि असुस्टोरचे डबे लॉक करून टाकले होते. टेलस्केल हे खासगी जोडणीचं ॲप टाका, घरगुती वापराला फुकट आहे.

आता सुरुवातीला विचारलेली नॅसबाहेरची कॉपी, मोजायला गेलं तर तिसरी. मूळ फाइली लॅपटॉपवर-फोनवर, दुसरी नॅसवर, आणि तिसरी घराबाहेर. गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत लागलं यावर आपण पूर मोजतो, आणि पंचवटीत किंवा सराफ बाजाराकडे तळमजल्यावर राहणाऱ्याला मी वेगळं काय सांगणार! शिवाय चोरी आहे, शॉर्टसर्किट आहे. आमच्याकडे दोन यूएसबी डिस्क आहेत, एक नॅसला लावलेली, एक इंदिरानगरला भावाकडे, महिन्यातून एकदा त्याच्याकडे जेवायला गेलो की अदलाबदल करतो. दोन्हींना एन्क्रिप्शन लावलंय, पासवर्ड भावाकडच्या वहीत लिहिलेला. आणलेल्या डिस्कवरचा एखादा जुना व्हिडिओ दर वेळी शेवटपर्यंत चालवून बघा, नुसतं फाइलचं नाव दिसलं म्हणजे फाइल शाबूत आहे असं नसतं.