बिघडलेलं चित्र फाडू नका, आधी भिंतीकडे तोंड करून ठेवा

चार रविवार गोदाघाटावर बसून एक ॲक्रिलिक केलं होतं. १८ बाय २४ इंचाचा कॅनव्हास, समोर नारोशंकराचं देऊळ, अलीकडे पायऱ्या, गुरुजींच्या छत्र्या, वाळत घातलेली धुणी, माणसं, सगळं सगळं. सही पण करून टाकली. फ्रेमवाल्याकडे न्यायच्या आधी हॉलमध्ये टेकवून ठेवलं होतं तर सासूबाई चहा घेता घेता मिनिटभर बघत बसल्या आणि म्हणाल्या, "छान झालंय गं, पण गंगा कुठंय यात?"

आता बाहेरच्या लोकांसाठी सांगते, नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. आणि नदी तर मी चित्राच्या निम्म्या भागात काढली होती! राग आला, खोटं कशाला बोलू. पण रात्री लाइट कमी करून बघितलं तेव्हा पटलं, पाणी कुठंच नव्हतं, नुसते चमकणारे तुकडे होते. भांडी बाजारातून जाताना कसं सगळंच चमकतं आणि एकही भांडं धड दिसत नाही, तसलं काहीतरी झालं होतं.

तर हे असं पूर्ण झालेलं पण मनाला न पटणारं चित्र परत हातात कसं घ्यायचं ते लिहितेय. मी काही मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टची नाही, पंधरा वर्षं रविवारची चित्रं काढणारी बाई आहे, आणि यातल्या निम्म्या गोष्टी चित्रं वाया घालवूनच कळल्यात.

पहिलं काम म्हणजे काहीच करायचं नाही. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा, निदान दोन आठवडे. त्याच रात्री ब्रश घेतलात तर तुम्ही चित्र नाही दुरुस्त करत, राग काढता. दोन आठवड्यांनी सकाळच्या उजेडात उलटं करून बघा, म्हणजे खरंच डोकं खाली पाय वर, मग आरशात बघा, मग मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. ही शेवटची युक्ती सगळ्यात भारी. रंग निघून गेला की खाली राहतो तो टोन, म्हणजे कुठं गडद कुठं फिकं, आणि माझ्या अनुभवात दहातल्या सात चित्रांचं दुखणं तिथंच असतं. आपण मात्र रंगाला दोष देत बसतो, हिरवा जास्त झाला, निळा कमी पडला वगैरे.

माझ्या फोटोत काय दिसलं? देवळाचा उन्हातला कोपरा, छत्रीचा माथा, वाळणारी पांढरी धोतरं, पाण्यातली चमक आणि एका माणसाचा सदरा, पाचही ठिकाणी पांढरा अगदी सारखा. नजरेला बसायला जागाच नाही. शिवाय सावल्या दोन दिशांना! सकाळी सातला सुरू करायचे, साडेनऊपर्यंत ऊन फिरलेलं असायचं आणि मी भाबडेपणानं दिसेल ते काढत गेले. घाटावर बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, पहिल्या दहा मिनिटांत सावल्या पेन्सिलीनं पक्क्या करायच्या आणि नंतर समोर काय वाट्टेल ते होवो, बदलायच्या नाहीत.

दोष सापडला की तो एका वाक्यात कागदावर लिहा. "काहीतरी चुकतंय" हे वाक्य चालणार नाही. "पाण्यातली चमक देवळाइतकीच पांढरी आहे" हे चालेल. लिहिता येत नसेल तर अजून हात लावायची वेळ आलेली नाही, परत भिंतीकडे तोंड. आणि ड्रॉइंगच चुकलं असेल, म्हणजे देऊळ एका बाजूला कललंय, पायऱ्या वर चढायच्या ऐवजी अंगावर येतायत, तर सरळ सांगते, ते वरवरच्या डागडुजीनं सुटत नाही, तो भाग पूर्ण परत काढावा लागतो. टोनची चूक स्वस्तात सुटते, ड्रॉइंगची महागात.

मग ट्रायल. झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बायंडिंगचं पारदर्शक प्लास्टिक कव्हर मिळतं ना, ते चार-पाच आणायचे. चित्रावर ठेवायचं, चिकटपट्टीनं वरच्या कडेला लावायचं (टेप कॅनव्हासच्या बाजूला, रंगावर नको) आणि त्या प्लास्टिकवर जो बदल करायचाय तो रंगवून बघायचा. रंग थेंब थेंब होऊन पळतो, त्याला भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की बसतो. दोन पावलं मागे जा, प्लास्टिक उचला, परत ठेवा, उचला, ठेवा. फरक लगेच कळतो. मी तीन प्लास्टिकं वाया घालवली आणि एक कॅनव्हास वाचला.

आता माध्यमाप्रमाणे.

जलरंग सगळ्यात कडक मास्तर. नाशिकला जलरंगातल्या निसर्गचित्राचं वेड जुनंच, शिवाजी तुपे यांच्यासारखे चित्रकार इथलेच, त्यामुळे आपल्याकडे शिकणारे बहुतेक जण यातच सुरुवात करतात आणि यातच रडतात. जलरंगात झाकता येत नाही, उचलता येतं. स्वच्छ पाणी, जरा कडक ब्रश, ओलं करायचं, अर्धं मिनिट थांबायचं, टिश्यूनं टिपायचं, घासायचं नाही. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, बाकीचे मातीचे रंग बऱ्यापैकी निघतात. थॅलो ब्लू, प्रशियन ब्लू, ॲलिझरिन क्रिम्झन हे कागदात मुरतात, पूर्ण निघतच नाहीत. हे मला गंगापूर धरणाच्या एका चित्रानं शिकवलं. लांबचे डोंगर थॅलो ब्लूमध्ये जरा जास्तच गडद झाले होते म्हणून घासत बसले, रंग तसाच राहिला आणि कागदाला लव सुटली, वर नवीन रंग लावला तर ब्लॉटिंग पेपरसारखा पसरला. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड असेल तरच उचलायच्या भानगडीत पडा, आणि एका जागी दोनदाच, मधे पूर्ण वाळू द्या.

उचलून जमलं नाही तर थोडा पोस्टर कलर किंवा ग्वाश (खालचं झाकणारा जलरंग) चालतो, शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडू द्या. पण त्याहून चांगला उपाय कात्री. पुठ्ठ्याचे दोन एल आकाराचे तुकडे कापा आणि त्यांची चौकट चित्रावर सरकवत बसा. अर्ध्या इम्पिरियलमध्ये, म्हणजे साधारण १५ बाय २२ इंचाच्या कागदावर फसलेल्या चित्रात कितीदा तरी वीतभर सुंदर चित्र लपलेलं असतं. धरणाच्या त्या चित्रातून मी डोंगर कापून फेकले आणि खालची काठावरची होडी ठेवली, ती आज मैत्रिणीच्या घरी आहे.

ऑइलवाल्यांनी घाई अजिबात करू नये. हाताला कोरडं लागतं म्हणजे आतून वाळलं असं नसतं, जाड थराला सहा महिने ते वर्ष सहज लागतं, पावसाळ्यात आणखी रेंगाळतं. वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट हवा, उलटं केलंत तर पुढं तडे जातात. जुन्या चित्रावर काही रंग मॅट, मेलेले दिसतात, त्यांची खरी डेप्थ कळत नाही आणि आपण उगाच फिका किंवा गडद रंग मिसळतो. म्हणून आधी जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन एकत्र करून अगदी पातळ हात फिरवायचा, जास्तीचं पुसून घ्यायचं, रंग जागे होतात, मग त्यावर काम. व्हार्निश मारलेलं असेल तर त्याच्यावर रंगवू नका, आधी ते काढावं लागतं. आणि ऑइलवर ॲक्रिलिक कधीच नाही, ते धरत नाही, सोलून निघतं. ॲक्रिलिकवर ऑइल चालतं. जुना कॅनव्हास नक्की कशात केलाय आठवत नसेल तर मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कापसाच्या काडीवर घेऊन अगदी कडेला घासा, रंग मऊ होऊन काडीवर आला तर बहुतेक ॲक्रिलिक.

एक महत्त्वाचं, जवसाचं तेल पुसलेली फडकी चोळामोळा करून डब्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो, खरंच. मोकळी पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. खिडकी उघडी ठेवा हे तर वेगळं सांगायला नको.

आता ॲक्रिलिक, म्हणजे माझं ते चित्र. ॲक्रिलिक वाळताना एक शेड गडद होतं, ओलं असताना दुधाळ दिसतं. म्हणून मधेच एवढासा ठिगळ जुळवायला गेलात तर ओलं असताना जुळतं आणि चहा पिऊन येईपर्यंत डाग दिसायला लागतो. ठिगळ लावायचं नाही, तो भाग त्याच्या नैसर्गिक कडेपर्यंत पूर्ण रंगवायचा. म्हणजे पायरी तर अख्खी पायरी, भिंत तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

पाण्यासाठी मी ग्लेझ केलं, म्हणजे खालचं दिसेल असा पातळ, पारदर्शक रंगाचा हात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून वाटाण्याएवढा रंग आणि दोन चमचे मॅट मिडियम (रंग पातळ करायचं बिनचमकीचं द्रव), पातळ कोऱ्या चहासारखं दिसलं पाहिजे. दोन इंची चपटा ब्रश, डावीकडून उजवीकडे एका दमात सगळी नदी, आणि वाळायच्या आत जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं दोन ठिकाणी हलकं पुसून घेतलं. मे महिन्यात करत असाल तर पंखा बंद ठेवा, नाहीतर अर्ध्यातच सुकतं आणि मधे रेघ पडते, माझी पडली. असे तीन हात दिले, प्रत्येक वाळल्यावर दुसरा. चमकणारे तुकडे एकदम गप्प झाले.

प्रतिबिंबाचं एक गणित आहे ते मी आधी पाळलंच नव्हतं. वस्तू फिकी असेल तर पाण्यात ती थोडी गडद दिसते, वस्तू गडद असेल तर पाण्यात थोडी फिकी. म्हणजे पाण्यातलं देऊळ वरच्या देवळाइतकं लख्ख असूच शकत नाही. आणि प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली सरळ पडतं, सूर्य कुठं का असेना. सावली तिरकी जाते, प्रतिबिंब नाही. मी दोन्हीची खिचडी केली होती. ग्लेझनंतर फक्त देवळाचा उन्हातला कोपरा परत पांढऱ्यानं उजळला, एकच, बाकी चार पांढऱ्यांना उजळलं नाही.

मग माणसं कमी केली. सात होती, चार ठेवली. माणूस पुसताना आधी त्याच्या रंगाचा उंचवटा घालवा, नाहीतर वरून पायऱ्या रंगवल्या तरी पायरीवर भूत उभं राहतं. २२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हळू घासायचा, कोरडा घासायचा नाही, धूळ नाकात जाते. तरी खूण पूर्ण जात नाही हे धरून चला. लाज वाटायचं कारण नाही. व्हॅन गॉगच्या १८८७ मधल्या गवताच्या एका चित्राखाली एका बाईचा अख्खा चेहरा २००८ मध्ये एक्स-रेनं स्पष्ट दिसला, त्यानं कॅनव्हासच परत वापरला होता. आणि सार्जंट या अमेरिकन चित्रकारानं १८८४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या चित्रातल्या बाईच्या खांद्यावरून ड्रेसचा पट्टा ओघळलेला होता, त्यावरून एवढी बोंब झाली की नंतर त्यानं तो रंगवून वर खांद्यावर नेला. तेव्हा आपण कोण!

थांबायचं कधी? मी सुरुवातीलाच चिठ्ठीवर जास्तीत जास्त तीन बदल लिहिते आणि ते संपले की ब्रश धुते. माझे तीन होते: पाणी दाबणं, सावल्या एका दिशेला करणं, माणसं कमी करणं. चौथा सुचला होता, आकाशात पक्षी, तो प्लास्टिकवर करून बघितला आणि शाळेच्या चित्रकलेच्या वहीसारखा दिसला म्हणून सोडला. प्रत्येक टप्प्यावर त्याच जागेवरून फोटो काढा, संध्याकाळी सगळे ओळीनं बघितले की कुठं बिघडायला लागलं ते कळतं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं काय बदललं आणि कधी ते लिहून ठेवा. आणि चित्र विकलेलं किंवा कुणाला दिलेलं असेल तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, मग त्या भिंतीकडे बघून कितीही जीव तुटो. बोनार नावाचा फ्रेंच चित्रकार म्युझियममध्ये टांगलेल्या स्वतःच्याच चित्रावर गुपचूप ब्रश मारायचा असं सांगतात, पण तो बोनार होता.

चित्र परत हॉलमध्ये टेकवलं. सासूबाईंनी या वेळी चष्मा लावला. "हां, आता दिसली गंगा," म्हणाल्या. मग जवळ गेल्या, पायऱ्यांवर बोट नेलं पण लावलं नाही, आणि म्हणाल्या, "इथं एक लाल लुगड्यातली बाई धुणं आपटत होती, ती कुठं गेली? मला तीच आवडली होती."

मी ट्यूबलाइट बंद केली आणि मोबाइलचा टॉर्च बाजूनं, कॅनव्हासला अगदी टेकवून मारला. पायरीच्या करड्या रंगाखाली तिची वाकलेली पाठ उठून आली, हात वर उचललेलाच होता. सासूबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "असू दे. आहे ना."