वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका चालवताय किंवा मदत करताय? मग या चुका टाळा

जून उजाडला की मेसेज सुरू होतात, ‘गरीब मुलांना दप्तरं द्यायचीत, कुठे देऊ?’ लोकांच्या मनात खरंच चांगलं असतं आणि त्याच चांगुलपणावर पुण्या-मुंबईच्या वस्त्यांमधल्या कितीतरी अभ्यासिका चालतात, त्यामुळे कुणाला नाउमेद करायला हे लिहीत नाहीये. पण या कामात बरीच वर्षं वावरल्यावर एक गोष्ट पक्की कळलीय. वस्तू मिळाली म्हणून वाचायला लागलेलं मूल मला अजून भेटलेलं नाही, रोज ठरलेल्या वेळी शिकवायला भेटणारी ताई मिळाली म्हणून वाचायला लागलेली मुलं मात्र भरपूर भेटलीत. तुमचा पैसा, वेळ, उत्साह सगळं त्या रोजच्या दीड-दोन तासांकडे वळायला हवं. ते भलतीकडेच जातं आणि तिथून पुढच्या सगळ्या चुका सुरू होतात.

न विचारता वाटप करणं

पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांत फुकट मिळतात, गणवेशही बऱ्याच ठिकाणी शाळेतूनच येतो, दुपारचं जेवणही तिथेच. हे माहीत नसल्यामुळे एकाच वस्तीत तीन मंडळं येऊन तीन दप्तरं देऊन जातात आणि ज्या पोराला फळा दिसत नाही त्याचा चष्मा राहूनच जातो. आधी तिथल्या ताईला फोन करा, काय कमी पडतंय ते विचारा. तिची यादी बघाल तर त्यात पावसाळी चपला असतील, हायस्कूल लांब पडतं म्हणून बसचे पास असतील, वर्गात एक पंखा आणि कुलूप लागणारं कपाट असेल.

चष्म्याचं मुद्दाम सांगते, कारण ‘याला अभ्यासच नको असतो’ असं ज्याच्याबद्दल बोललं जातं त्याला कित्येकदा नुसतं दिसत नसतं. वही नाकाशी नेऊन लिहितो, फळ्यावरचं सोडून शेजारच्याच्या वहीतून उतरवतो, सारखं डोकं दुखतं म्हणतो, अशा मुलाचे डोळे आधी तपासून घ्या. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांची टीम तपासणीला येते, चिठ्ठी देते, पण आई-बाबांची रोजंदारी बुडते म्हणून ती चिठ्ठी दप्तरातच राहते. कुणीतरी त्या मुलाला हॉस्पिटलपर्यंत घेऊन जाणं ही दप्तरापेक्षा मोठी मदत आहे.

इयत्ता बघून शिकवायला लागणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलगा पाचवीत आहे म्हणून आपण पाचवीचं पुस्तक उघडतो, धडा समजावतो, प्रश्नोत्तरं लिहून देतो, तो सुंदर अक्षरात उतरवतो आणि आपल्याला वाटतं अभ्यास झाला. पण त्याला वाचता येतंय का हे कुणी बघितलेलंच नसतं. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी 27.1 टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला आणि पाचवीत हा आकडा 48.8 टक्के होता. म्हणजे पाचवीतल्या निम्म्या मुलांपुढे आपण जे पुस्तक उघडतो ते त्यांच्यासाठी बंदच असतं.

असरमध्ये वापरतात तशी तपासणी कुणालाही करता येते. एका कागदावर सुटी अक्षरं, काही साधे शब्द, चार सोप्या वाक्यांचा उतारा आणि एक थोडी मोठी गोष्ट. प्रत्येक मुलाला एकेकटं बसवा, बाकीची मुलं ऐकत नसतील अशा जागी, आणि जिथे तो अडेल तिथे नोंद करा. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात.

यात एक फसगत हमखास होते. मुलांना धडे पाठ असतात. वर्गात सगळ्यांबरोबर सुरात म्हणून म्हणून इतके पाठ होतात की पान उघडलं की मूल घडाघडा ‘वाचायला’ लागतं, पण नीट बघितलं तर बोट पहिल्या ओळीवर असतं आणि तोंड तिसऱ्या. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून ‘हा कुठला?’ विचारा, लगेच कळेल. ‘घर’, ‘बदक’ वाचतो, ‘किती’ला घुटमळतो, ‘पुस्तक’ आलं की तुमच्या तोंडाकडे बघायला लागतो, म्हणजे याची अक्षरं आहेत पण काना-मात्रा-वेलांटी कच्ची आहे आणि जोडाक्षरांपर्यंत तो पोचलेलाच नाही. मग काम तिथून सुरू करायचं, इयत्ता कुठलीही असो.

गट पातळीप्रमाणे पाडले की नवी अडचण येते, अकरा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या मुलांत बसायला लाजतो आणि दोन दिवसांत यायचं बंद करतो. त्याच्या हातात पहिलीचं पुस्तक देऊच नका. त्याला कालच्या मॅचबद्दल किंवा वस्तीतल्या कुत्र्याबद्दल चार वाक्यं सांगायला सांगा, ती तशीच्या तशी मोठ्या अक्षरात लिहा आणि तीच त्याच्याकडून वाचून घ्या. वाक्यं त्याचीच असल्यामुळे त्याला ती बाळबोध वाटत नाहीत आणि पुढचा शब्द अंदाजाने का होईना धरता येतो, मग दुसऱ्या दिवशी त्यातलेच शब्द सुटे करून विचारायचे.

आणि जे मूल गप्पच बसतं त्याला ‘ढ’ ठरवायच्या आधी घरी कुठली भाषा बोलतात ते विचारा. घरात वडारी, पारधी, गोरमाटी, कन्नड बोलणारी मुलं आपल्या वर्गात असतात आणि आपली पुस्तकी मराठी त्यांच्या डोक्यावरून जाते. सुरुवातीला त्याला त्याच्या भाषेत उत्तर देऊ द्या, शेजारची एखादी मुलगी मराठीत सांगेल.

गणिताचंही असंच आहे. 52 मधून 37 वजा करायला सांगा, बरीच मुलं उत्तर 25 लिहितात. घाईत चुकलंय असं नाही, दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन वजा केलेत, हातच्याचा अर्थच लागलेला नाही. त्यावर अजून वीस गणितं घातलीत तर तीच चूक वीसदा घोटवली जाते. दहाच्या खेळातल्या नोटा आणि रुपयाची नाणी द्या, एक नोट मोडून दहा नाणी करून दाखवा, मग तेच वहीत. आणि हाच मुलगा संध्याकाळी आईच्या भाजीच्या गाडीवर पन्नासच्या नोटेतून सुटे बरोबर परत देत असतो! दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला, त्यातही हेच दिसलं की ही मुलं तोंडी व्यवहार चोख करतात पण शाळेच्या पद्धतीचं गणित मांडलं की अडतात. या मुलांना गणित येत नाही असं म्हणूच नका, गाडीवरचा हिशोब वहीत आणायला त्यांना कुणीतरी शिकवायला हवंय.

रविवारी येणाऱ्यांच्या जिवावर वर्ग चालवणं

कॉलेजची मुलं, आयटीवाले, निवृत्त काका-काकू, सगळे मनापासून येतात. पण दर रविवारी नवा चेहरा आला की मुलं दर रविवारी नाव-गाव-इयत्ता सांगण्यातच अर्धा तास घालवतात आणि ज्याच्यावर जीव बसला तो दादा परीक्षा आली म्हणून गायब होतो. रोजचं वाचन-गणित वस्तीतल्याच शिकलेल्या मुलीने किंवा बाईने घ्यावं आणि तिला नीट मानधन मिळावं. मुंबईत आणि वडोदऱ्यात शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने हेच केलं होतं, मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना त्याच भागातली ‘बालसखी’ शिकवायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 नंतरच्या वर्षांत त्याचा अभ्यास केला तेव्हा मुलांची प्रगती आकड्यांत दिसली. त्या दोघांना 2019 चं नोबेल मिळालं हे सगळ्यांना माहीत असतं, बालसखींबद्दल फार कमी जणांना.

मग रविवारवाल्यांनी काय करायचं? शनिवार-रविवारी गोष्टी वाचून दाखवा, विज्ञानाची खेळणी करा, दहावीच्या मुलांचे सराव पेपर तपासा, अभ्यासिकेचा हिशोब बघा. फक्त सहा महिने येणार म्हणालात तर सहा महिने या.

वेळही वस्तीला विचारून ठरवा. संध्याकाळी सहाचा वर्ग तुम्हाला सोयीचा, पण नळाला पाणी सहालाच येत असेल तर मोठ्या मुली हंडे घेऊन रांगेत असणार आणि तुम्ही हजेरीत त्यांची गैरहजेरी लावत बसणार.

मूल यायचं थांबलं की नाव कमी करणं

चार दिवस आलं नाही की घरी जा. कारण बहुतेक वेळा दारातच दिसतं. मुलगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन उभी असते कारण आई धुण्या-भांड्याच्या कामाला गेलीय, मग ‘त्याला घेऊन ये’ म्हणा, कोपऱ्यात एक सतरंजी आणि चार ठोकळे ठेवा. थोडा गोंगाट वाढेल पण ती येईल.

कुटुंबच दुसरीकडे गेलं असेल, ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा दुसऱ्या बांधकाम साइटवर, तर नव्या जागेजवळच्या शाळेत प्रवेश करून द्यायला मदत करा. इथे लोक कागदपत्रांना घाबरून मागे फिरतात. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि त्यात स्पष्ट आहे की जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही, आणि कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं असतं. शाळेत जाताना त्या कलमांची मराठी प्रत बरोबर ठेवा, आवाज न चढवता मुख्याध्यापकांसमोर ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मूळ गावांत आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय असते, तिचीही चौकशी दिवाळीच्या आधीच करा, गाड्या निघाल्यावर उशीर झालेला असतो.

मूल कामाला लावलंय, मारहाण होतेय किंवा लग्न ठरवतायत असं कळलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन.

‘आधी अभ्यास, मग खेळ’

चित्रकला, नाटक, सहल, गोष्टींची पुस्तकं हे हुशार मुलांचं बक्षीस करून टाकलं की ज्याला वाचता येत नाही त्याला दोन्हीकडे हार. उलट त्यालाच याची जास्त गरज असते, वर्गात काहीतरी आपल्याला जमतं हे कळल्याशिवाय तो टिकणार कसा?

पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका, फाटतील म्हणून जपलेली पुस्तकं कुणीच वाचत नाही. दोरी बांधून तिच्यावर लटकवा. आणि दान म्हणून जुनी गाइडं, इंग्रजी जाडजूड एन्सायक्लोपीडिया पाठवू नका. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, छापून वाटायलाही हरकत नाही. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी आहेतच, स्ट्रॉची पिपाणी एकदा करून वाजवून बघा, तिचं टोक कापत गेलं की आवाज चढत जातो, तो का चढला हे मुलं स्वतःहून विचारतात.

फोटो आणि सुरक्षितता

हातात वही, मागे बॅनर, खाली ‘झोपडपट्टीतील गरजू मुलांना मदत’ असा फोटो टाकू नका. ती मुलगी उद्या दहावीत जाईल, तिच्या मैत्रिणींच्या मोबाईलमध्ये तो फोटो असेल. काम करतानाचे, पाठमोरे, हातांचे फोटो काढा, पालकांची परवानगी लेखी घ्या, नाव आणि वस्ती एकत्र देऊ नका.

नवीन येणाऱ्या प्रत्येकाची ओळखपत्रं आणि चौकशी करा, ओळखीचा असला तरी. एका मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही हा नियम सगळ्यांना. आणि लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं तर संस्थेचं नाव खराब होईल म्हणून आतल्या आत मिटवू नका, पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे.

पैशांबद्दल थोडक्यात

देताना संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, ऑडिट आणि देणगीवर करसवलत देणारं 80जी प्रमाणपत्र बघा. 2000 रुपयांवर रोख दिलंत तर करात सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ती वजावटच मिळत नाही. ‘माझे पैसे फक्त मुलांवर खर्च करा, पगारावर नको’ ही अट मात्र कृपा करून घालू नका, ताईचं मानधन हाच मुलांवरचा खर्च आहे.

आठवीची संधी हुकवणं

दरवर्षी मन खट्टू करणारी गोष्ट म्हणजे एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती, हातची निसटणं. आठवीत ही परीक्षा पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत 48,000. सरकारी, पालिकेच्या, अनुदानित शाळेतली मुलं बसू शकतात, पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, फॉर्म शाळेतूनच भरला जातो. पेपर दोन, बुद्धिमत्ता आणि शालेय विषय, प्रत्येकी 90 प्रश्न. मुलं हुशार असतात पण उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही, बँकेत खातं नसतं, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, आणि अर्जाची मुदत निघून जाते. परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये असते, म्हणून सातवीचा निकाल लागला की त्या मुलांची यादी काढा, जूनमध्येच पालकांबरोबर सेतू केंद्रात जाऊन दाखल्याचा अर्ज करा, नावातल्या चुका दुरुस्त करून घ्या आणि बुद्धिमत्तेच्या प्रश्नांचा सराव रोज अर्धा तास, तोही त्याच ठरलेल्या वेळी.