बांधातले उंदीर: कुत्री, धूर आणि कुदळ

ब्रिटनमध्ये उंदीर मारायला बिळात फेरेट सोडतात. हा लांबट, बारीक अंगाचा पाळीव प्राणी आत शिरला की उंदीर बाहेर पळतात आणि तोंडाशी उभी असलेली टेरियर जातीची लहान शिकारी कुत्री त्यांना धरतात. आपल्याकडे फेरेट नाही. त्याचं काम धूर, पाणी आणि कुदळ करते, टेरियरचं काम चपळ गावठी कुत्रं करतं. फेरेटच्या जागी मुंगूस वापरायचा विचारही नको. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे, त्याला पकडणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा आहे.

वेळ निवडण्यात अर्धं काम आहे. बेळगाव जिल्ह्यात खानापूर भागात भाताची कापणी झाली, चिक्कोडी-निपाणीकडे ऊस तुटला की आडोसा जातो आणि उंदीर बांधात, पाटाच्या कडेला, गंजीखाली गोळा होतात. तेव्हा ते थोड्या जागेत सापडतात. मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-दहा पिल्लं देते, म्हणून पुढच्या पिकाला दाणा भरेपर्यंत थांबलात तर कष्ट कित्येक पटींनी वाढतात. एकट्याच्या शेतात केलेली मोहीमही टिकत नाही, कारण शेजारच्या बांधातले उंदीर रिकाम्या बिळात येऊन राहतात. शिवारातल्या लगतच्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात हे काम करावं.

आदल्या संध्याकाळी बांधावरून फिरून दिसेल ते बिळाचं प्रत्येक तोंड ओल्या मातीने बंद करा. सकाळी जी तोंडं उकरलेली दिसतील ती जिवंत बिळं. त्यांच्याजवळ काटकी रोवा, बाकीच्यांवर घाम गाळू नका. एक अपवाद लक्षात ठेवा. घुशीच्या जातीतला लहान काळसर उंदीर स्वतःच आतून तोंड बुजवतो आणि बाहेर मऊ, ताज्या मातीचा ढीग ठेवतो. तिथं उघडं भोक दिसणार नाही, माती ताजी आहे का एवढंच पाहा. हा उंदीर बहुधा एका बिळात एकटाच असतो, पिल्लंवाली मादी सोडून. त्यामुळे एका बिळातून एकच निघाला तर काम फसलं असं समजू नका, पुढच्या बिळाकडे वळा.

कुत्री दोन किंवा तीन पुरेत. जास्त झाली की एकमेकांत भांडतात आणि उंदीर मधून निसटतो. मुधोळ जातीचं कुत्रं मोकळ्या माळावर सशामागे धावायला उत्तम, पण अरुंद बांधावर त्याचे लांब पाय अडचणीचे. दहा-पंधरा किलोचं, आखूड केसांचं, थांब म्हटल्यावर थांबणारं गावठी कुत्रं घ्या. जोर किती आहे यापेक्षा ते ऐकतं का, हे महत्त्वाचं: हाक न ऐकणारं कुत्रं धूर सुरू होताच बीळ उकरायला लागतं आणि उंदीर मागच्या वाटेने जातो. नवं कुत्रं अनुभवी कुत्र्याच्या जोडीने, लहान उंदरांपासून सुरू करा. पहिल्याच दिवशी मोठ्या घुशीशी गाठ पडून ओठाला चावा बसला, तर काही कुत्री कायमची बिचकतात. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिस (उंदराच्या लघवीतून होणारा रोग, लेप्टो) यांची लस आधीच दिलेली हवी.

शेतात शिरण्यापूर्वी मालकाला आणि शेजाऱ्यांना विचारा की या हंगामात विष टाकलं होतं का. टाकलं असेल तर त्या तुकड्यात कुत्रं नेऊ नका. झिंक फॉस्फाइड खाल्लेल्या उंदराच्या पोटातलं विष कुत्र्याला मारू शकतं. ब्रोमॅडायोलोन हे दुसरं उंदीरनाशक उंदराच्या यकृतात साठतं. असा उंदीर खाल्लेल्या कुत्र्याच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त काही दिवसांनी येऊ लागतं, तोवर कुणाला कारण आठवत नाही. त्यावर पशुवैद्य के-१ जीवनसत्त्व देतात, म्हणून संशय येताच विषाचं पाकीट घेऊन दवाखाना गाठा. विष आणि कुत्री एका हंगामात एका शेतात नकोत, यात तडजोड नाही.

धुरासाठी जुनं मडकं घ्या आणि बुडाशी दोन बोटं जाईल एवढं भोक पाडा. आत गोवरीचे तुकडे पेटवून वर ओलसर काड आणि कडुलिंबाचा पाला टाका. मडक्याचं तोंड बिळाच्या तोंडावर उपडं ठेवून कडेने चिखल लिंपा आणि बुडाच्या भोकातून फुंकणीने किंवा भात्याने वारा घाला. पाच मिनिटांत दहा-पंधरा पावलांच्या परिसरात कुठून कुठून धूर निघतो ते पाहा. तुम्हाला माहीत नसलेली चोरवाट अशीच कळते. ती पातळ मातीखाली झाकलेली असते आणि बहुतेक उंदीर तिथूनच जातात. दोन तोंडं मोकळी ठेवून बाकीची बुजवा. एकावर मासे धरायचं बारीक जाळं खुंट्यांनी ताणा, दुसऱ्यावर कुत्रं उभं करा. कुत्रं तोंडापासून हातभर मागे आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला हवं. तोंडाशी नाक लावलं तर धूर त्याच्याच छातीत जातो आणि उंदीरही बाहेर येत नाही.

धूर आत जाईना झाला तर उंदराने आतून मातीचा बूच मारला असं समजा. मग कुदळ घ्या. कधी कधी बीळ दोन फुटांहून खोल जातं. वाट हरवू नये म्हणून लवचीक काठी आत सरकवत, तिच्या दिशेने खणा. भाताच्या लोंब्यांचा साठा लागला की घर जवळ आलं, इथे सावकाश खणा. पिल्लं सापडली तर तिथंच एका घावात संपवा, उघड्यावर टाकून देऊ नका.

उसात धूर अजिबात नको. पाचट पेटलं तर सगळा फड जातो. तिथं पाण्याची पाइप वापरा. काळ्या जमिनीत भेगा नसताना पाणी चांगलं चढतं. खानापूरकडच्या जांभ्या मातीत ते झिरपून जातं, तिथं खणण्याला पर्याय नाही.

बिळात हात कधीही घालू नका. नाग, घोणस, धामण उंदरांमागे आत शिरलेले असतात. पायात गमबूट आणि हातात जाड हातमोजे हवेत. टोळीत मराठी, कानडी दोन्ही बोलणारे असतील तर सापासाठी एकच आरोळी आधी ठरवा. ती ऐकली की आधी कुत्री मागे. धामण किंवा घोरपड निघाली तर तिला जाऊ द्या: कायदा त्यांच्या बाजूचा आहे, आणि धामण तुमचंच काम करते. भीमगड अभयारण्याला लागून शेत असेल तर कुत्री दोरीवरच ठेवा.

काम सकाळी सात ते दहा. ऊन चढलं की कुत्र्याची नाकं बोथट होतात, दर अर्ध्या तासाने पाणी द्या. उंदीर खाऊ देऊ नका, सोड म्हटल्यावर सोडायला शिकवलेलं असावं. अर्धमेला उंदीर कुत्र्याकडून काढून घेऊन डोक्यावर एक घाव घाला. संपल्यावर कुत्र्याचं तोंड धुवा, ओठ आणि हिरड्यांवर चावे पाहा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात कुसळं शोधा. कान सतत झटकत असेल तर कुसळ आत गेलेलं असतं, चिमट्याने खोल ओढू नका, पशुवैद्याकडे न्या.

माणसाला चावा बसला तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि डॉक्टरकडे जा. पायाला भेगा किंवा जखम असेल तर ओल्या बांधात अनवाणी उतरू नका. उंदराच्या लघवीतून लेप्टो होतो. काही दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल अशी लक्षणं दिसली तर उंदरांचं काम केल्याचं डॉक्टरना आवर्जून सांगा.

मेलेले उंदीर दोन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, विहीर आणि पाटापासून लांब. उकरलेली बिळं दाबून भरा आणि त्याच दिवशी बांध तासून अरुंद करा, गवत काढा. रुंद, गवताळ बांधात उंदीर सर्वांत आधी परततात. चार दिवसांनी संध्याकाळी पुन्हा तोंडं बुजवा आणि सकाळी जी उघडतील त्यांच्यावर पुन्हा मडकं ठेवा.