टोन लावून सबवूफर तपासण्यापूर्वीची तयारी

टोन, म्हणजे एकाच वारंवारितेचा सलग सूर, सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की असावी: कानावर पडणारा आवाज सबवूफर (फक्त खालचे, बासचे सूर वाजवणारा स्पीकर), खोली आणि टोन वाजवणारे उपकरण या तिघांचा मिळून असतो. पुढची सगळी तयारी त्यातला सबवूफरचा वाटा वेगळा काढण्यासाठी आहे.

टोन शुद्ध साइन लहरींचे (म्हणजे ज्यात दुसरी कोणतीही वारंवारिता मिसळलेली नाही असे), वॅव्ह किंवा फ्लॅक या फाइल-स्वरूपातले आणि सर्व एकाच पातळीवर ध्वनिमुद्रित केलेले घ्यावेत. 20, 25, 31.5, 40, 50, 60, 63, 80 आणि 100 हर्ट्झ एवढे सुटे टोन आणि सोबत सावकाश चढत जाणारा एक स्वीप पुरेसा आहे. मोबाइलवर किंवा ॲम्प्लिफायरवर इक्वलायझर, बास बूस्ट, लाउडनेस यांपैकी काही चालू असेल तर ते बंद करावे, मुख्य स्पीकर काढून ठेवावेत आणि सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा (ठरावीक वारंवारितेच्या वरचे सूर अडवणाऱ्या गाळणीचा) खटका सर्वांत वरच्या आकड्यावर न्यावा, अन्यथा 80 व 100 हर्ट्झचे टोन वाटेतच दबतील आणि दोष सबवूफरच्या माथी बसेल.

खोलीकडे मात्र सर्वाधिक लक्ष द्यावे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर धरला, तर 5 मीटर लांबीच्या खोलीत साधारण 34 हर्ट्झला पहिला अनुनाद येतो, म्हणजे भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून तो सूर काही जागी फुगतो, काही जागी दबतो. त्या वारंवारितेला भिंतीलगत बास दणदणीत असतो आणि खोलीच्या मधोमध तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून खोलीची लांबी-रुंदी मोजून ठेवावी, बसण्याची जागा, मध्य आणि कोपरा अशा तीन ठिकाणी जमिनीवर चिकटपट्टीने खुणा कराव्यात आणि प्रत्येक टोन तिन्ही ठिकाणी ऐकण्याची तयारी ठेवावी. एका जागी कमी पडलेला टोन दुसऱ्या जागी भरून आला, तर सबवूफरला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पंखा आणि एसी बंद करावेत, कपाटाच्या काचा, भिंतीवरच्या तसबिरी, दाराच्या कड्या आवळून घ्याव्यात. टोन चालू असताना थरथरणाऱ्या वस्तूवर तळहात दाबून धरला आणि खरखर थांबली, तर ती त्या वस्तूचीच होती.

मोबाइलवरच्या ध्वनिमापक ॲपवर विसंबू नये. त्यात ए भारांकन (कानाला कमी ऐकू येणारे सूर मापनातही कमी धरण्याची पद्धत) असेल तर 31.5 हर्ट्झला सुमारे 39 डेसिबेल वजा होतात. सी भारांकनात हीच घट सुमारे 3 डेसिबेल असते. त्यामुळे सी निवडता येत असेल तर तेच घ्यावे, शक्य असल्यास मापनासाठीचा मायक्रोफोन वापरावा.

आवाजाची पातळी कमी ठेवावी आणि टोन वरच्या वारंवारितेकडून खालच्या वारंवारितेकडे लावत यावेत. वारंवारिता निम्मी झाली, की तेवढाच ध्वनिदाब राखण्यासाठी कोनला (स्पीकरच्या मागेपुढे हलणाऱ्या पडद्याला) चौपट हालचाल करावी लागते, आणि पोर्ट (खोक्याला हवेसाठी ठेवलेले नळीसारखे छिद्र) असलेल्या सबवूफरमध्ये पोर्ट ज्या वारंवारितेला जुळवलेला असतो तिच्याखाली कोनला आवरणारी हवेची पकडही सुटते. त्यातच 20 हर्ट्झला आपला कान फार मंद असतो, म्हणून हात आपोआप आवाज वाढवण्याकडे जातो. नेमका तो मोह टाळावा. प्रत्येक टोन काही सेकंदच वाजवावा आणि मध्ये विश्रांती द्यावी, कारण अखंड टोनने व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, तापते. टकटक ऐकू आली किंवा जळका वास आला, तर त्याच क्षणी थांबावे.

20 हर्ट्झला स्पष्ट, ओळखू येणारा सूर ऐकू आला तर आनंदून न जाता लगेच 40 आणि मग 60 हर्ट्झ लावून पाहावे. त्यांच्याशी तो जुळला, तर बहुधा सबवूफरच्या विकृतीतून उमटलेले वरचे स्वर ऐकू येत आहेत. ही तुलना करता यावी म्हणून हे तीन टोन यादीत शेजारी शेजारी ठेवावेत, आणि वहीत टोन, जागा, आवाजाच्या खटक्याची स्थिती व काय ऐकले यांचे रकाने आधीच आखून घ्यावेत.