लहान मुलांना लायब्ररीत नेताय? मग या चुका टाळा

"हे नको गं, हे बाळांचं पुस्तक आहे, तू आता मोठी झालीस ना!" लायब्ररीत मुलांच्या कपाटांजवळ दहा मिनिटं उभं राहिलात तरी हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच, आणि मी स्वतः ते माझ्या लेकीला म्हटलेलं आहे. ती तेव्हा साडेपाच वर्षांची, अक्षरं नुकतीच जुळायला लागलेली, आणि हातात जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक, एका पानावर एक प्राणी आणि खाली त्याचं नाव, बास. मी ते काढून परत ठेवलं आणि भरपूर मजकूर असलेलं एक "चांगलं" पुस्तक घेतलं. ते पंधरा दिवस घरात पडून राहिलं, एकदाही उघडलं गेलं नाही, आणि तसंच परत गेलं. पुठ्ठ्याचं पुस्तक ती कोणाच्याही मदतीशिवाय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू शकली असती, तिला तेवढंच तर हवं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

सगळ्यात मोठी चूक हीच, आपण निवडून देणं. दुकानात पुस्तक विकत घेताना आपण दहादा विचार करतो ते ठीक आहे, पण लायब्ररीत चुकीचं पुस्तक आलं तर काय बिघडतं, पुढच्या फेरीला परत जातं! मुलाला मनासारखं निवडू देण्यासाठी, त्यात चुकू देण्यासाठी याच्याइतकी मोकळी जागा दुसरी नाही. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातली दोन सारखी आठवतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्या दोन सूत्रांत "आईला पटलेलं पुस्तक" असं कुठेच नाहीये.

आमच्याकडे आता सोपा हिशोब आहे. पाच पुस्तकं मिळत असतील तर तीन तिची, दोन माझी. तिच्या तीन पुस्तकांवर मी एक शब्द बोलत नाही, माझी दोन गुपचूप पिशवीत टाकते आणि घरी नुसती समोर दिसतील अशी ठेवते, वाच म्हणून सांगत नाही. कधी वाचते, कधी नाही. पुस्तक झेपेल का हे बघायचं असेल तर पाच बोटांची युक्ती आहे, मधलंच एखादं पान उघडायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पाचही बोटं दुमडली तर ते पुस्तक एकट्याने वाचायला अवघड आहे एवढाच त्याचा अर्थ, लगेच परत ठेवायला लावू नका, ते तुम्ही वाचून दाखवायचं पुस्तक झालं.

"त्याला गोष्टी आवडतच नाहीत"

बरेच आईबाबा इथेच हार मानतात. अहो गोष्टी नसतील आवडत, पण गाड्या? किडे? ग्रह? काही मुलांना खोट्या गोष्टीपेक्षा खरी माहिती आवडते आणि आपण त्यांना सारखं परीकथांच्या कपाटापाशीच नेतो. पुष्कळ लायब्रऱ्यांमध्ये पुस्तकं ड्युईच्या दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला नंबर देऊन, लावलेली असतात, ही पद्धत 1876 पासून चालत आलीये, आणि तिचे दोनचार आकडे लक्षात ठेवले तर मुलाला थेट त्याच्या कपाटापाशी नेता येतं. 567.9 ला डायनोसॉर, 523 च्या आसपास ग्रहतारे, 595.7 ला कीटक, 629 मध्ये गाड्या, विमानं, रॉकेट, आणि लोककथा हव्या असतील तर 398.2. पुस्तकाच्या पाठीवर जी छोटी चिठ्ठी असते ना, तिच्यावर हा नंबर असतो. मुलाला त्याच्या आवडीचा नंबर कागदावर लिहून द्या आणि शोधू द्या, हा आकडे वाचायचा खेळच होतो, आणि सापडल्यावर तो तिथेच जमिनीवर फतकल मारून बसला तर उठवू नका. तुमच्या लायब्ररीत दुसरी पद्धत असेल तर काउंटरवर सरळ विचारा, "किड्यांची पुस्तकं कुठे आहेत", किंवा त्याहून बरं, त्यालाच विचारायला लावा.

तेच पुस्तक सहाव्यांदा

पुन्हा तेच आणलं म्हणून वैतागू नका! 2011 साली इंग्लंडमधल्या ससेक्स युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या, काहींना त्याच त्याच, काहींना दरवेळी नव्या. नवे शब्द दोन्हीकडे तितक्याच वेळा कानावर पडले, पण ते जास्त चांगले लक्षात राहिले ते त्याच गोष्टी परत परत ऐकणाऱ्यांच्या. पहिल्यांदा गोष्टीत काय होतं तिकडेच सगळं लक्ष असतं, ते कळलं की मग मूल शब्दांकडे, चित्राच्या कोपऱ्यातल्या मुंगीकडे बघायला मोकळं होतं. दुसऱ्या कोणी मागितलेलं नसेल तर पुस्तक रिन्यू करून टाका.

बक्षिसाचंही सांगते, कारण हे सगळे चांगल्या मनानेच करतात. दहा पुस्तकं वाचलीस तर खेळणं आणीन, असं ठरवलं की मूल दहा पुस्तकं वाचतं खरं, पण सगळ्यात पातळ दहा, आणि अकरावं उघडत नाही. 1973 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या बालवाडीत याच्यासारखाच एक प्रयोग झाला होता. ज्या मुलांना मुळात चित्रं काढायला आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर छान प्रमाणपत्र मिळेल. एकदोन आठवड्यांनी बघितलं तर हीच मुलं मोकळ्या वेळात बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढत होती. म्हणजे आमिषाने असलेली आवडसुद्धा कमी होऊ शकते. द्यायचंच असेल तर झोपायच्या आधी पंधरा मिनिटं जास्त दिवा चालू ठेवायची परवानगी द्या.

छोट्या छोट्या चुका पटकन सांगते. दमलेल्या, भुकेल्या मुलाला नेऊ नका. पहिल्या दोनतीन फेऱ्यांत ते नुसतं इकडेतिकडे फिरलं, एकही पुस्तक उघडलं नाही तरी चालतं, वीस मिनिटांत परत या. गोष्ट सांगायचा कार्यक्रम कधी असतो ते विचारून त्याच दिवशी जा, तेव्हा आवाजाचं टेन्शन नसतं. मुलाच्या नावाचं कार्ड मिळत असेल तर काढून द्याच. आणि स्वतः तिथे मोबाईल बघत बसू नका, स्वतःसाठीही एक पुस्तक घ्या.

मूल स्वतः वाचायला लागलं की वाचून दाखवणं बंद करणं ही मात्र छोटी चूक नाही. सहासात वर्षांच्या मुलाला ऐकून जेवढं समजतं तेवढं स्वतः वाचून अजून बरीच वर्षं समजणार नसतं, म्हणजे ज्या मोठ्या गोष्टींसाठी ते मनाने तयार आहे त्याच आपण बंद करतो आणि हातात दोनदोन शब्दांची वाक्यं देतो. दोन्ही चालू ठेवा. आणि संपल्यावर "मग काय शिकलास?" असं विचारू नका. मधेच थांबून "आता हा काय करेल असं वाटतं तुला?" विचारा, उत्तर काहीही येवो, बरोबर चूक करायचं नाही.

एकदम लायब्ररीत यायलाच नाही म्हणतंय?

आधी पलंगाखाली बघा. खरंच. माझी लेक मधे तीन आठवडे काही ना काही कारण काढून टाळत होती, मला वाटलं गोडी संपली. साफसफाई करताना गादी आणि भिंतीच्या मधे पुस्तक सापडलं, एक पान मधोमध फाटलेलं. ओरडा बसेल म्हणून लपवलं होतं, आणि मी त्याआधी कित्येकदा म्हणाले होते, "फाडलंस तर परत कार्ड मिळणार नाही हं." ती धमकी मीच दिलेली. तसं तर दंडाला घाबरून लोक यायचेच बंद होतात म्हणून काही ठिकाणी लायब्रऱ्यांनीच उशिराचा दंड बंद केलाय, शिकागोच्या सार्वजनिक लायब्ररीने 2019 मध्ये केला.

फाटलेल्या पानाला घरची चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि पान आणखी खराब होतं. तसंच न्या आणि सांगा. आम्ही तसंच नेलं, लेकीने काउंटरवर पुस्तक ठेवलं आणि खाली बघत म्हणाली, "माझ्याकडून फाटलं." तिथल्या ताईंनी ड्रॉवरमधून त्यांची वेगळी पातळ पट्टी काढली, तिला पान दोन्ही बाजूंनी धरायला सांगितलं आणि तिच्यासमोरच जोडलं. मग विचारलं, "तुझं वाचून झालं का हे?" नव्हतं झालं, तेच पुस्तक परत घरी आलं.